एका सहीपुरता कडुनिंब

लेथ मशीन सुरू झालं की माझा उजवा खांदा आपोआप कानापर्यंत चढायचा. मावसाजींना ते दिसायचं आणि ते मशीन बंद करायचे.

"खांदा खाली घे."

"घेतला."

"नाई घेतला. थो तुह्या कानात काय सांगून राहिला?"

मावसाजी म्हणजे माझ्या अकोल्याच्या मावशीचे यजमान. नोकरीभर आयटीआयमध्ये पोरांना लोखंड कातायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या टिनाच्या शेडात लाकूड कातायचं छोटं लेथ आणून बसवलं. लोखंडात ते उस्ताद. लाकडात जवळजवळ माझ्याइतकेच नवखे, पण हे त्यांना मंजूर नव्हतं. मोबाइलवर कुणा गोऱ्या म्हाताऱ्याचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचे आणि "हा चुकून राहिला" असं म्हणत त्याच्याकडूनच शिकायचे.

मुद्दा आधी सांगते, पत्रकं लिहायची सवय आहे. माझ्याकडे कडुनिंबाचा एकच तुकडा होता. वीतभर लांब, अंगठ्याहून जरा जाड. माझ्या मैत्रिणीचा निकाह रविवारी अमरावतीत होता आणि निकाहनाम्यावर ती या तुकड्यापासून केलेल्या पेननंच सही करणार होती. तुकडा फुटला तर दुसरा नव्हता. झाडच नव्हतं.

ते झाड आमच्या कॉलेजच्या वळणावर होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून ते जाणार असं कळलं तेव्हा आम्ही दोघींनी पत्रकं काढली, सह्या गोळा केल्या, कलेक्टर कचेरीसमोर बसलो. मजकूर ती लिहायची, त्यात तिखट मी घालायची. उत्तर आलं की झाडाच्या बदल्यात बायपासला रोपं लावली जातील. त्यावर आमचं शेवटचं पत्रक निघालं, मथळा माझा: 'बदली झाड म्हणजे झाड नव्हे.' मग एका सुटीच्या दिवशी सकाळी झाड कापलं. सुटीच्या दिवशी, म्हणजे कोर्टात कुणी जाऊ नये. मला आजही याचा राग येतो आणि तो कमी व्हावा अशी माझी काही इच्छा नाही. बुंधा ट्रकमधून गेला. एक फांदी आम्ही दोघींनी ओढत नेली, रडत नव्हे, शिव्या देत.

फांदी भातकुलीला आमच्या घरी पडून होती. वाळली, आणि आईनं ती तुकड्या-तुकड्यानं आंघोळीच्या बंबात घातली. मी ओरडले तर म्हणाली, "लाकूड थे, जळणारच." जो तुकडा वाचला तो शिलाई मशीनचा पाय डुगडुगू नये म्हणून खाली लावलेला होता, म्हणून वाचला.

लग्न ठरल्याचं सांगायला मैत्रीण आली तेव्हा मी तिला तो तुकडा दाखवला. तिनं तो हातात फिरवला.

"इतके दिवस लोकाइच्या सह्या घेतल्या आपण," ती म्हणाली. "आता माही सही मी याच लिंबाच्या पेननं करीन. तू बनव."

आमच्याकडे कडुनिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. मी म्हटलं, "बनवते." भिंतीत साधा खिळा कधी ठोकला नव्हता मी. पण पत्रकात एखादं वाक्य लिहिलं की ते काम झालं, अशी आमची समजूत असायची. ती समजूत घेऊन मी ऐन मे महिन्यात अकोल्याला पोचले.

*

पेन कातायचा म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचं. त्यात पितळेची नळी डिंकानं पक्की बसवायची. मग तो तुकडा लेथवरच्या लोखंडी सळईत ओवायचा, मशीननं तो गरगरा फिरतो, आणि आपण हातातली गोल पटाशी त्याला अलगद लावायची. लाकूड सोलत जातं, चौकोनाचा गोल होतो. शेवटी काचकागद, पॉलिश, आणि टोक, टोपी, क्लिप हे कुरिअरनं आलेले भाग दोन्हीकडून दाबून बसवायचे.

वाचायला सोपं आहे. लेथसमोर उभं राहिल्यावर मात्र फिरणारं लाकूड दिसतच नाही, धूसर सावली दिसते, आणि त्या सावलीत धारदार लोखंड घालायचं असतं. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मी 'आम्ही मागे हटणार नाही' असं लिहायची. लेथसमोर मी दर थोड्या वेळानं मागे हटत होते.

मावशी शेडाच्या दारात उभी राहायची. तिला आधी शंका होती की हे मुलीचं काम नाही. मी त्यावर बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "भाषण नको करू व. ओढणी काढ आनं केस बांध. मशीनले मुलगा-मुलगी समजत नाही, जे लोंबते थे ओढून घेते." मी ओढणी काढून खिळ्याला टांगली.

सरावाला सागवानाचे तुकडे होते, फर्निचरवाल्याकडून आणलेले. तो फर्निचरवाला पूर्ण वेळ मावसाजींशीच बोलला. तुकडे मी निवडत होते, विचारत मी होते, उत्तरं मावसाजींना मिळत होती. निघताना त्यांनाच विचारलं, "ताईले कशाले पाहिजे?" मी म्हटलं, "ताई इथंच उभी हाय, तिलेच विचारा." त्यानं विचारलं नाही.

पहिल्या सागवानात पटाशी रुतली आणि खाड्कन आवाज झाला. तुकडा नळीवरून सुटून टिनावर आपटला. मी पटाशी टाकून दारापर्यंत मागे सरकले.

"काय झालं?" मावसाजी.

"फुटला."

"थे दिसते. काहून फुटला?"

"मी घाबरले."

"घाबरली म्हून नाई फुटला. घाबरून पटाशी दाबली म्हून फुटला. घाबर, पण दाबू नको."

पुढचे तुकडेही गेले. एक जळल्यासारखा काळा पडला, एक इतका बारीक झाला की आतलं पितळ दिसायला लागलं. मग हळूहळू गोल यायला लागले. एक तर खरोखर सुंदर झाला, मधाच्या रंगाचा, बोटांना कुठेच न अडणारा. मावसाजींनी तो खिशाला लावून मावशीला दाखवला आणि स्वतःच केल्यासारखे मिरवले. मला मात्र सागवान हातात घेतानाही घरात ठेवलेला तो कडुनिंबाचा तुकडाच दिसत होता. सागवान फुटला तर फर्निचरवाला होता. रात्री झोपेत मला तो टिनावर आपटल्याचा आवाज यायचा.

त्या कडुनिंबाच्या तुकड्याला मी कुठे ठेवलं होतं हे सांगायला हवं, कारण सगळं तिथेच बिघडलं. मे महिन्यात अकोल्याच्या टिनाखाली दुपारी हात लावू तिथे चटका बसतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात जे जपायचं असतं ते कूलरपुढे जातं. पाहुणे, लहान बाळ, औषधाच्या बाटल्या, गरम झालेला मोबाइल. मी पोचले त्याच दिवशी तुकडा कूलरपुढच्या स्टुलावर ठेवला. शेडात राहिला तर उन्हानं तडकेल, हा माझा हिशेब. मावसाजींनीही मान डोलावली. "थंडा राहू दे त्याले." भोक पाडलं, नळी चिकटवली, पुन्हा कूलरपुढे. मावशी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची, तेव्हा ओल्या वाऱ्याचा झोत थेट त्या स्टुलावर यायचा, आणि मला बरं वाटायचं. जणू मीच तिथे बसले आहे.

*

शुक्रवारी सकाळी खरा तुकडा लेथवर चढवला. मावसाजी मागे उभे राहिले. पटाशी लागली तशी बारीक पांढुरकी सालं उडायला लागली, आणि कडू वास. तोंडात कडवटपणा उतरला. मी दाबलं नाही. खांदा खाली होता की नाही माहीत नाही, कुणी बोललं नाही. चौकोनाच्या कडा गेल्या, गोल आला, मग मधे किंचित फुगीर, टोकाकडे निमुळता, अगदी मनात होता तसा. काचकागद फिरवला. मशीन बंद केलं तेव्हा मला भूक लागली आहे हे आठवलं.

आत जाऊन पाणी प्यायले, मावशीनं पुढे केलेली भाकर खाल्ली. परत आले तर पेनवर एक रेघ होती. केस चिकटला असेल म्हणून मी नखानं काढायला गेले. तो केस नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकूड उललं होतं.

मावसाजींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"पाणी प्यायलं यानं," ते म्हणाले. "कूलरचं. तिथं फुगलं, इथं गरम हवेत आकसलं. आत नळी पितळेची, थे कुठं आकसते? मंग लाकडानं जावं कुठं?"

दर उन्हाळ्यात कूलरजवळचं दार फुगतं आणि लागत नाही. मावशीच्या घरीही लागत नव्हतं, आठवडाभर आम्ही ते खांद्यानं ढकलत होतो. वऱ्हाडातलं शेंबडं पोरगंही हे सांगेल. जन्मभर लोखंड कातलेल्या माणसाला आणि झाडासाठी उन्हात बसलेल्या मला, दोघांनाही ते सुचलं नाही.

मावसाजी आत गेले आणि तो मधाच्या रंगाचा सागवानी पेन घेऊन आले. भाग बसवून, रिफिल टाकून, तयार.

"हा दे."

"हा सागवान हाय."

"पॉलिश केल्यावर कोनाले समजते? काझी का लाकूड ओळखते?"

"तिला कळेल."

"मंग लिंबच पाहिजे न? मांगच्या गल्लीत लिंब हाय, फांदी आनतो. लिंब थे लिंब."

मग मी बोलले. उभ्यानं, हातवारे करत, सगळं. बायपासची रोपं, सुटीच्या दिवशी चाललेली करवत, बदली झाड म्हणजे झाड नव्हे. मी म्हटलं, रस्त्याचा कंत्राटदारही हेच बोलला होता, लिंब थे लिंब. मावसाजी लेथला टेकून ऐकत राहिले.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं."

"मंग रयवारी काय देशीन तिच्या हातात? हे पत्रक?"

मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात तिचाच फोन आला. हाताला मेंदी लावलेली होती, बहिणीनं फोन तिच्या कानाला धरला होता, ती मधेच "नीट धर गे" म्हणत होती.

"झाला का?"

"होत आला."

"लिहिते?"

"रिफिल टाकायची हाय अजून."

"तुहा आवाज असा काहून?"

"शेडात हाय. टिन तापलं."

मग हिंदीत, जे ती माझ्याशी फार कमी वेळा बोलते, म्हणाली, "सुन ना. डर लग रहा है मेरे को. उस दिन सब नया रहेगा यार. कपडे नए, लोग नए, घर नया. हाथ में कुछ तो पहचान का होना." आणि मग पुन्हा आपल्या बोलीत, "रिफिल निळी टाक, काळी नको."

मी निळी म्हटलं आणि फोन ठेवला.

*

उललेलं लाकूड पुन्हा जुळत नाही. भरता येतं. लेथखाली पडलेला कडुनिंबाचा भुसा मी चाळून घेतला, त्यात पातळ डिंक मिसळला आणि टाचणीच्या टोकानं त्या फटीत भरत गेले. वाळला की घासायचा, पुन्हा भरायचा, शनिवार दुपारपर्यंत. रेघ गेली नाही. डिंकानं ती उलट गडद झाली, मनगटावर शीर दिसावी तशी. पण नख फिरवलं तर अडत नव्हतं. फारसं.

खरी भीती पुढे होती. टोक आणि टोपी दाबून बसवताना लाकडावर जोर येतो, आणि याच वेळी धड लाकूडही फुटतं असं व्हिडिओतला म्हातारा सांगत होता, म्हणजे मावसाजींनी त्याच्या हातवाऱ्यांवरून तसं ठरवलं होतं. "मी बसवतो," ते म्हणाले. मी नको म्हटलं. शिकंज्याचा दांडा फिरवत गेले, एकेक सूत. कट् असा आवाज आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आवाज क्लिपचा होता. पेन धड होता.

"उद्यापर्यंत टिकीन?" मी विचारलं.

"मले काय विचारते? मी लोखंडवाला." इतक्या दिवसांत हे त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं.

सागवानी पेनही त्यांनी माझ्या पर्समध्ये टाकला. मी काढला नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघाले. शेजारच्या बाईनं पाण्याची थंडगार बाटली सीटवर ठेवली, ओघळणारी, तर मी पर्स उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. ती म्हणाली, "सोनं हाय का त्याच्यात?" मूर्तिजापूर आलं, माझ्या मैत्रिणीचं होणारं सासर. स्टेशनाकडे मी नेहमी पाहते तसं पाहता आलं नाही. गाडी थांबली त्या दोन मिनिटांत पर्स उघडून रेघ पाहिली. तेवढीच होती. की थोडी रुंद होती. बडनेऱ्यापर्यंत मला ठरवता आलं नाही.

शादीखान्यात नवरीच्या खोलीत पाय ठेवला आणि दारातच थांबले. कोपऱ्यात दारभर उंचीचा कूलर, आणि त्याचा झोत सरळ नवरीच्या गादीवर. लाल ओढणीखाली ती बसलेली, भोवती खाला, फुफू, बहिणी. मी चप्पल काढली आणि आधी जाऊन कूलरचं तोंड भिंतीकडे केलं.

"अगे ए, कूलर कायको फिराई?" एक खाला.

"थोडी देर, खाला."

"थोडी देर में दुल्हन पिघल जाएगी. फिर दूल्हे को क्या देंगे, कटोरा?"

सगळ्या हसल्या. ओढणीही हसली. मी कारण सांगू शकत नव्हते. कूलर त्यांनी परत फिरवला. मी पेन आणि झोत यांच्या मधे पाठ करून बसले, पाठ ओली होईपर्यंत.

मग बाहेर गलका कमी झाला आणि वकील म्हणून, म्हणजे नवरीची कबुली घ्यायला, तिचे मामू आले, सोबत दोन साक्षीदार आणि रजिस्टर. बायका बाजूला सरकल्या. मामूंनी मुलाचं नाव घेतलं, मेहरची रक्कम सांगितली, विचारलं, कबूल आहे का. ओढणीखालून आवाज आला, बारीक, पण आला. कुणीतरी रडायला लागलं. मामूंनी रजिस्टर गादीवर ठेवलं आणि पेनसाठी खिसा चाचपला.

पर्समध्ये माझा हात होता, आणि हाताखाली दोन पेन. सागवानी गुळगुळीत, नक्की चालणारा, कुणालाही कळला नसता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी त्याच्यावरच बोटं आवळली होती. सगळ्यांसमोर तिच्या हातात पेनची दोन शकलं झालेली मला दिसत होती, आणि मामूंनी खिशातला प्लास्टिकचा पुढे केलेला दिसत होता. मग ओढणीतून तिचा हात बाहेर आला. मेंदीनं काळपट लाल झालेला, तळवा वर. मामूंच्या दिशेनं नाही. माझ्या. तिनं पाहिलंही नाही मी कुठे बसले आहे ते, हात बरोबर आला.

मी सागवान सोडला आणि रेघवाला पेन तिच्या तळव्यावर ठेवला.

ती सही करत असताना मी सही पाहिली नाही. रेघ पाहत होते. तिची बोटं दाबली गेली, लाकूड किंचित हललं असं मला वाटलं. निळी शाई उमटली. तिची सही लांब आहे, बापाच्या नावासकट, शेवटी खाली एक फटकारा. तो फटकाराही झाला. पेन धड होता.

मग साक्षीदारांनी त्याच पेननं सह्या केल्या, एकानं तर जोर देऊन, आणि मी डोळे मिटले. मामूंनी शेवटची सही केली, रजिस्टर मिटलं, आणि सवयीनं पेन आपल्या खिशाला लावून उठले. दाराशी पोचले. मी उठायला लागले.

"मामू," ओढणीखालून आवाज आला. या वेळी बारीक नव्हता, मोर्चातला होता. "पेन."

खोलीतलं रडणं बंद झालं. नवरीनं अशा वेळी बोलायचं नसतं. मामू वळले, खिशाकडे पाहिलं, आणि हसत परत आले. "ले बाबा. शहर के सारे पेन तेरे."

बायकांची गडबड पुन्हा सुरू झाली तशी ती माझ्याकडे झुकली.

"हे काय लागते बोटाले?"

"फुटला होता."

"कवा?"

"परवा. तुह्या फोनाच्या आधी."

"मले समजलंच होतं. टिन म्हणे तापलं." अंगठा रेघेवरून वरपासून खालपर्यंत फिरला. "दुसरा आनला असशीन."

मी सागवानी पेन काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं ओढणी जराशी वर करून पाहिला.

"हा मस्त हाय व."

"हो."

"दूल्ह्याले दे. त्याले काही समजत नाई."

मी हसले तेव्हा कुठे माझा खांदा दुखतो आहे हे मला जाणवलं. तेवढ्यात बाहेरच्या दालनात माइक खरखरला आणि काझीसाहेबांनी मुलाला विचारायला सुरुवात केली. खोलीतल्या सगळ्या दाराकडे सरकल्या. चेहरा परत ओढणीत गेला, पेन धरलेला हातही आत गेला, आणि बाहेरून मुलाचा आवाज ऐकू येईपर्यंत लाल कापडाखाली तिचा अंगठा त्या रेघेवरून खाली-वर फिरताना मला दिसत राहिला.